निकाल लागला की दुकान बंद

७ जानेवारी १९७४, सोमवार

सरकारने कालपासून घड्याळं तासभर पुढे ढकललीत. तेल वाचवायचं म्हणे. त्यामुळे आज आठ वाजता दुकान उघडायला गेले तर बाहेर मिट्ट काळोख आणि त्या काळोखात दारापाशी तीन माणसं उभी. मी मागे फिरणारच होते. तेवढ्यात त्यातला एक म्हणाला, "पण जॉन्सनच्या पाठीशी संघ कसला भिकार होता, ते बघ की!" तेव्हा कळलं, चोर नव्हेत, आमचेच तिघे.

ही वही मॅरियनने नाताळला पाठवली. "आई, मनातलं लिहीत जा, बाबा गेल्याचं दुःख हलकं होईल." दुःखाला वेळ मिळाला तर ना! गस गेला ऑक्टोबरात. हार्डवेअरचं दुकान मी चालवतेय, आणि दुकानाच्या मध्यभागी जी लोखंडी शेगडी आहे तिच्याभोवती हे तिघे बसतात. गस होता तेव्हाही बसत, पण हिवाळ्यात आणि दुपारचे. आता सकाळपासून ठाण मांडतात. विषय एकच. जगातला सर्वांत थोर बेसबॉल पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कोण?

अर्विन शोल्ट्झ म्हणतो, वॉल्टर जॉन्सन. अर्विन रेल्वेत तारमास्तर होता, आता निवृत्त. बापाने लहानपणी सेंट लुईसला नेऊन जॉन्सन दाखवला, तेव्हापासून त्याला दुसरा माणूस दिसलेला नाही. लिअँडर टिब्स म्हणतो, सॅचेल पेज. लिअँडर काळ्या मुलांच्या शाळेत गणित आणि गाणं शिकवायचा, काळ्या-गोऱ्यांच्या शाळा एक झाल्यावर मोठ्या शाळेत आला, आणि तरुणपणी गावच्या काळ्यांच्या संघात कॅचर, म्हणजे चेंडू झेलणारा, होता. तिसरा फ्लॉइड क्वेन, खाटीक, दोघांपेक्षा पुष्कळ लहान. तो बॉब गिब्सनचा. गिब्सन अजून सेंट लुईसकडून खेळतोय, त्यामुळे फ्लॉइडचा दावा दर आठवड्याला वरखाली होतो.

आज मी त्यांना स्पष्ट सांगितलं. जेफरसन सिटीचा तो प्रॅट इमारत घ्यायला तयार आहे, टायरचं दुकान टाकणार. मॅरियन टूसॉनला बोलावते आहे, तिच्या अंगणात संत्र्याचं झाड आहे. "पण गसच्या शेगडीवरचा वाद अर्धवट ठेवून कुलूप लावणं मला बरं वाटत नाही," मी म्हटलं. "तर तो एकदाचा मिटवा. पिचर लोक फेब्रुवारीत फ्लोरिडाला सरावाला जमतात ना? त्याच्या आत. ज्या दिवशी तुमचा निकाल लागला, त्या दिवशी दुकान बंद."

तिघं एकमेकांकडे बघत राहिले. मग फ्लॉइड घसा खाकरून म्हणाला, "आणि नाही लागला तर?"

"तीन शहाण्या माणसांना एक नाव ठरवता येत नसेल तर मग बोलायलाच नको."

लिअँडरने टोपी काढून डोकं खाजवलं. "मिसेस डोर्न," तो म्हणाला, "प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीये हो."

९ जानेवारी

आज निकाल लागलाच होता! माझ्या हातात किल्ल्या होत्या.

फ्लॉइडने सकाळी आल्या आल्या हात वर केले. "बरोबर आहे अर्विनचं. चारशे सतरा विजय, एकशे दहा सामन्यांत समोरच्याला शून्यावर ठेवलेलं. गिब्सनला सात जन्म घ्यावे लागतील. मी जॉन्सनच्या बाजूने."

"म्हणजे दोनास एक," मी म्हटलं. "झालं की!" आणि टेलिफोनकडे वळले.

माझी पाठ वळली मात्र, मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी "आऊ!" केलं. वळून बघते तर फ्लॉइड नडगी चोळत होता. "थांबा, थांबा," तो म्हणाला. "कोफॅक्सचा विचारच केला नाही आपण. तीस वर्षांचा असताना खेळ सोडला त्याने, सगळ्यांच्या वर असताना! मी कोफॅक्सच्या बाजूने."

"अरे, आत्ता तू..."

"मत बदलायचा हक्क या देशात आहे अजून, नेटी."

गंमत म्हणजे अर्विनच्या हातातोंडाशी आलेला विजय गेला, तरी तो चिडला नाही. उलट त्याने आपल्या पिशवीतला डोनट फ्लॉइडला दिला. चाळीस वर्षं ओळखते मी अर्विनला. हरून इतका खूश झालेला कधी पाहिला नव्हता. वय झालं त्याचं.

१५ जानेवारी

थर्मामीटर शून्याखाली. लाकडाच्या शेगड्या, धुराडी, कुऱ्हाडी, सगळं खपतंय. तेलाची टंचाई माझ्या पथ्यावर पडली असं म्हणायचं, पण ज्याला दुकान विकायचंय त्याला पथ्याचं काय.

अर्विनने आज पुन्हा बिजागऱ्या घेतल्या. गेल्या आठवड्यातही घेतल्या होत्या, त्याच्या आधीही. या माणसाच्या घराला दारं तरी किती? त्याची घर तापवायची भट्टी बिघडलीय म्हणतो, घर गार पडतं, म्हणून इथे येऊन बसावं लागतं. मी म्हटलं, दुरुस्त का करत नाहीस? म्हणाला, "सुटा भाग मिळत नाही, नेटी. युद्ध चाललंय ना अरबांचं."

कोफॅक्स कोण ते विचारावं लागलं. इतकी वर्षं यांचं बोलणं कानावर पडत होतं, पण मी ते कधी ऐकलं नव्हतं. पावसाचं जसं होतं तसं. लिअँडरने समजावलं. शिक्षकच तो. कोफॅक्स ज्यू. एका वर्षी अंतिम मालिकेचा पहिला सामना त्यांच्या उपासाच्या मोठ्या दिवशी आला, तर हा गडी खेळलाच नाही. आणि पुढे हात दुखायला लागला तेव्हा भर वैभवात खेळ सोडून दिला.

"शहाणा माणूस," मी म्हटलं. "वेळेवर दुकान बंद केलं."

मग लिअँडर हळूच म्हणाला, "सॅचेलने एकोणसाठाव्या वर्षी कॅन्सस सिटीला पिचिंग केलं, मिसेस डोर्न. एक धाव दिली नाही. एकोणसाठ!"

"माझ्याहून लहानच की," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय," तो म्हणाला. काय तेच, ते काही कळलं नाही.

१९ जानेवारी, शनिवार

किराणा दुकानात ओझेला टिब्स भेटली, लिअँडरची बायको. मी म्हटलं, बाई गं, तुझा नवरा दिवसभर माझ्याकडे असतो, तुला घरात माणूस नको का? ती खो खो हसली. "राहू दे त्याला तिथेच. त्याला कामगिरीवर पाठवलाय मी." आणि माझ्या पिशवीत रताळी कोंबत म्हणाली, "जेवतेस ना गं नीट? एकट्यापुरतं रांधायचा कंटाळा येतो, ठाऊकाय मला."

ओझेलाचं बोलणं असंच असतं, एका वाक्यातून दुसऱ्यात उडी. पण मनाची मोठी.

घरी येऊन गसच्या बेसबॉलच्या मासिकांची चळत खाली काढली. रद्दीत टाकायची म्हणून. मग जरा चाळली. मग दिवा लावावा लागला इतका वेळ झाला. जॉन्सनचा वेग इतका की आपला चेंडू लागून कोणी मरेल याची त्यालाच भीती वाटायची. बिचारा!

२१ जानेवारी

"इतका वेग अंगात, आणि मनाने गाय," मी आज अर्विनला म्हटलं. "मला आवडला तुझा जॉन्सन."

अर्विनचा चेहरा असा फुलला की विचारू नका. फ्लॉइड म्हणाला, "गाय? दोनशेच्या वर लोकांना चेंडू मारलाय त्या गायीने! मी आकडे पाहिलेत."

"एकवीस वर्षांत!" अर्विन ओरडला. "आणि दरवेळी त्याला वाईट वाटायचं!"

"लागलेल्यालाही वाटत असेल जरासं," लिअँडर म्हणाला.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत. तिघं माझ्याकडे बघत बसले, जणू मी एखादी अवघड गोष्ट करून दाखवली.

२४ जानेवारी

आज वाईट झालं.

सुरुवात नेहमीसारखीच होती. फ्लॉइडने सॉसेज आणले होते, शेगडीवर तव्यात परतत होता. लिअँडर सांगत होता की पेजने किती सामने जिंकले याची गणतीच नाही. गावोगाव फिरून खेळायचा, आज या मैदानात, उद्या त्या.

"तीच तर गोम आहे," अर्विन म्हणाला. "गणती नाही. कागदावर नाही. जॉन्सनचा चेंडू न् चेंडू लिहिलेला आहे. पेजचं म्हणजे काय, ऐकीव गोष्टी. आजीने नातवाला सांगाव्यात तशा. त्या मोजायच्या कशा?"

लिअँडरने कप खाली ठेवला. आवाज चढवला नाही त्याने. तो कधीच चढवत नाही.

"कागद कोणाच्या हातात होता, अर्विन?"

"म्हणजे?"

"बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत त्याला तुमच्या मैदानात पाय ठेवू दिला नाही. मोठ्या संघांत फक्त गोरे. आणि आता म्हणतोस, तू होतास याचा पुरावा दाखव." त्याने कोट घातला, बटणं नीट लावली. "माझीही अर्धी जिंदगी त्याच कागदाबाहेर गेली. मी कॅचर होतो हेही ऐकीवच म्हण मग." आणि मला म्हणाला, "कॉफीबद्दल आभार, मिसेस डोर्न."

दारावरची घंटा वाजली. सॉसेज करपले.

अर्विन म्हणाला, "मी तसं म्हणालो नव्हतो." फ्लॉइड म्हणाला, "म्हणालास."

३१ जानेवारी

लिअँडर आलेला नाही. अर्विन रोज येतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. फ्लॉइड बळेच एखादा आकडा टाकतो, तो शेगडीवर पडलेल्या पाण्याच्या थेंबासारखा चुर्र करून विरून जातो. मला वाटायचं, यांच्या बडबडीने माझं डोकं उठतं. आता ही शांतता डोकं उठवते आहे. आज खिळे मोजताना चुकले, पुन्हा मोजले, पुन्हा चुकले.

शेवटी मीच म्हटलं, "विरोधी पक्ष गेला. म्हणजे जॉन्सन जिंकला. प्रॅटला फोन करू?"

फ्लॉइड ताडकन उठला. "अर्विन, बोल काहीतरी!"

अर्विन शेगडीकडे बघत म्हणाला, "असा जिंकलेला जॉन्सन मला नको."

मी फोन केला नाही. नंबरच सापडला नाही. (तो टेलिफोनशेजारीच टाचलेला होता, हे संध्याकाळी दिसलं.)

३ फेब्रुवारी, रविवार

चर्चमधून आले तर अर्विनचा फोन. "नेटी, माझी गाडी बर्फात रुतलीय. मला लिअँडरकडे सोडशील का?"

त्याला घ्यायला गेले. तो कोट चढवेपर्यंत मी दारात उभी होते, तर घर कसं उबदार, ओव्हनसारखं! म्हटलं, भट्टी झाली वाटतं दुरुस्त? "हो, हो, आजच," तो गडबडून म्हणाला. फडताळावर बिजागऱ्यांची पाकिटं एकावर एक, एकही फोडलेलं नाही. वेंधळा माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झाली, घराकडे लक्ष नाही.

रस्ताभर तो पुटपुटत होता. काय बोलायचं त्याची उजळणी असावी. लिअँडरच्या दारात पोचल्यावर त्यातलं एक अक्षर बाहेर आलं नाही. ओझेलाने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, रताळ्याची गोड पाई कापली. लिअँडर समोर बसला. सभ्य, पण बर्फासारखा.

अर्विनने काटा उचलला, ठेवला. "एक्केचाळीस साल," तो म्हणाला. "ऑगस्ट. पेजचा संघ गावात खेळायला आला होता. नदीकाठचं मैदान. तू सहाव्या नंबरवर बॅटिंगला आलास. पँटचा गुडघा फाटलेला होता."

लिअँडरने मान वर केली. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? मैदानामागे आमचा रूळ जातो. मालगाडी उभी होती, मी डब्याच्या टपावर चढलो. सगळा सामना पाहिला. टप तव्यासारखा तापला होता, पण उतरलो नाही." त्याने काटा पुन्हा उचलला. "पेजने पाय असा वर नेला की वाटलं, चेंडू टाकायला विसरला. आणि मग तुझी बॅट फिरली तेव्हा चेंडू कॅचरच्या हातात जाऊन विसावला होता. असा वेग मी जॉन्सननंतर पाहिला नाही. खरं सांगू? जॉन्सनचा पाहिला तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नऊ वर्षांच्या पोराला काय कळतं?"

"तेहतीस वर्षं!" लिअँडर म्हणाला. "तेहतीस वर्षं तू माझ्यासमोर बसून वाद घालतोयस, आणि तू तिथे होतास?"

"सांगितलं असतं तर माझ्या जॉन्सनचं काय राहिलं असतं?" अर्विन म्हणाला. "पण परवा मी जे बोललो ते वाईट बोललो. ऐकीव नाही ते. मी पाहिलंय. कोणी विचारलं तर शपथेवर सांगेन. कागदावर लिहून हवं तर लिहून देतो."

मग ओझेला म्हणाली, "एक मिनिट. अर्विन, याच्या बॅटीला चेंडू लागला होता का?"

"बॅटीला? छे! वीतभर लांब होती बॅट."

"बघ!" तिने टेबलावर थाप मारली. "लग्न झाल्यापासून हा सांगतोय की तिसरा चेंडू निसटता लागला होता! मी कुंपणापाशीच होते. लागलाबिगला काही नव्हता. आता साक्षीदार दोन झाले!"

"निसटता," लिअँडर म्हणाला, "टपावरून दिसला नसेल." आणि त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रडतोय. हसत होता. मग अर्विनही. दोघांनी डोळे पुसले, पाई संपवली, आणि लिअँडर म्हणाला, "उद्या येतो. पण बॅटीचा विषय दुकानात काढायचा नाही."

"काढणार," अर्विन म्हणाला.

घरी येताना अर्विन म्हणाला, "आता तर फारच अवघड झालं, नेटी. आता मलाच खात्री नाही कोण थोर." आणि शीळ घालायला लागला. खात्री गेल्यावर शीळ घालणारा माणूस!

१४ फेब्रुवारी

प्रॅट येऊन गेला. कडक इस्त्रीचा कोट, खिशात मोजपट्टी. तिघांनी त्याच्याशी इतकं विचित्र वागावं याची मला लाज वाटली. मोजपट्टी लावली की फ्लॉइड नेमका तिच्यावर उभा राही. अर्विनने आपणहून सांगितलं की छप्पर गळतं. छप्पर गळत नाही! गसने स्वतः पत्रे बदलले होते! लिअँडरसारखा सरळ माणूस, तोही गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "नदीला पूर आला की तळघरात मासे येतात, साहेब. चांगले मोठे. काही लोकांना आवडतं ते."

प्रॅटने शेगडीवर टकटक केली. "ही भंगारात जाईल. इथे टायर बसवायचं मशीन येईल."

मी म्हटलं, "तिथे नाही बसणार."

"का?"

कारण मला पटकन सुचलं नाही. "हवेचा झोत येतो," मी म्हटलं.

तो गेल्यावर तिघांना चांगलं फैलावर घेतलं. माझं गिऱ्हाईक पळवता? आणि आठवण करून दिली की पुढच्या आठवड्यात पिचर फ्लोरिडाला जमतायत. बावीस तारखेला दुपारी मतदान. त्यात पळवाट नाही. चिठ्ठ्या टाकायच्या, मी उघडणार.

१९ फेब्रुवारी

मॅरियनचा फोन. संत्री पिकलीत. "आई, वाद मिटला का तुमचा?"

मी तिला सांगायला लागले की प्रश्न तसा सरळ नाही. जॉन्सनच्या काळी चेंडू जुना, मळका असायचा, बॅटरला नीट दिसत नसे, ते जमेत धरायला हवं. गिब्सनच्या अडुसष्ट सालच्या आकड्यांकडे बघितलं तर डोळे फिरतात, सामन्याला जेमतेम एक धाव; पण त्या वर्षी सगळेच पिचर भारी पडत होते, म्हणून तर पुढच्या वर्षी पिचर उभा राहतो त्या उंचवट्याची उंची कमी केली. आणि पेजला तरुणपणी या लोकांसमोर उभंच राहू दिलं नाही, मग तुलना करायची कशाशी?

तिला मध्ये तोंड उघडू दिलं नाही मी.

"आई," मॅरियन म्हणाली, "तू बरी वाटतेस."

बरी कसली, डोक्याचा भुगा झालाय.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

काय लिहू! नुसता संताप झालाय.

दुपारी जेवणानंतर मी पुठ्ठ्याचा बोल्टचा खोका रिकामा करून शेगडीशेजारी ठेवला. दारावर पाटी उलटी केली. प्रॅट दोन वाजता कागद घेऊन येणार होता. ओझेलाही आली होती, म्हणे लोणी संपलं म्हणून. हार्डवेअरच्या दुकानात लोणी! पण बसू दिलं.

तिघांनी चिठ्ठ्या टाकल्या. मी पहिली उघडली. अर्विनचं तारमास्तरी अक्षर लांबून ओळखू येतं. लिहिलं होतं: सॅचेल पेज.

मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

दुसरी उघडली. शिक्षकाचं वळणदार अक्षर. वॉल्टर जॉन्सन.

"लिअँडर!" मी म्हटलं. "तुम्ही जॉन्सनला मत दिलंत?"

"अभ्यासाअंती," तो म्हणाला.

"आणि अर्विन, तू?"

"मीही अभ्यासाअंती."

तिसरी फ्लॉइडची. रक्ताचा डाग लागलेली, त्याच्या मांसाच्या दुकानातून तसाच आला होता. मी जीव मुठीत धरून उघडली. ते एक मत दोघांपैकी कोणालाही मिळालं असतं तर संपलं असतं. लिहिलं होतं: साय यंग.

"साय यंग?" मी ओरडलेच. "आजपर्यंत या माणसाचं नाव काढलंस का तू कधी?"

"पाचशे अकरा विजय, नेटी. तो आकडा कोणी गाठायचा नाही आता. लाज वाटली मला, इतके दिवस त्याला विसरलो म्हणून."

एक, एक, एक. दीड महिन्याच्या डोकेफोडीनंतर पालथ्या घड्यावर पाणी! आणि चेहरे तिघांचे असे, जणू मुलांनी चोरून केक खाऊन तोंडं पुसलीत. ओझेला रुमालात तोंड खुपसून खोकत होती.

तेवढ्यात प्रॅट आला. "काय मिसेस डोर्न, ठरलं ना?"

"कसलं ठरतंय!" मी म्हटलं. "हे बघा यांचं!" आणि त्याला सगळं सांगितलं. तो घड्याळाकडे बघत म्हणाला, "मग मत तुम्ही द्या आणि मोकळ्या व्हा. बेसबॉलच आहे शेवटी."

बेसबॉलच आहे शेवटी! हे वाक्य मला लागलं. का लागलं ते मला सांगता यायचं नाही. मी खोक्यातल्या तिन्ही चिठ्ठ्या बघितल्या. खरंच, माझ्या मताने निकाल लागला असता. फ्लॉइडने डोळे मिटले होते. अर्विन टोपीची कड चोळत होता. लिअँडर माझ्याकडे बघत होता, वर्गातल्या मुलीने उत्तर द्यायच्या आधी बघावं तसा.

"मी मत देणार नाही," मी म्हटलं. "आयुष्यात मी एकही पिचर डोळ्यांनी पाहिलेला नाही. हा टपावर चढला, हा समोर बॅट घेऊन उभा राहिला, आणि मी नुसती मासिकं वाचून निकाल देऊ? असं बेजबाबदार काम माझ्याकडून व्हायचं नाही. एप्रिलमध्ये सेंट लुईसला जाऊ. गिब्सन पिचिंगला असेल त्या दिवशी. मला आधी तो बघू दे. मग बाकीच्यांचं बघू."

प्रॅट म्हणाला, "म्हणजे एप्रिलमध्ये सही?"

"एका सामन्यावरून कोणी माणूस जोखतं का?" मी त्याला विचारलं. "मोसम ऑक्टोबरपर्यंत असतो, प्रॅटसाहेब. तुम्हाला टायरसाठी दुसरी जागा बघावी लागेल."

त्याने कागद बॅगेत कोंबले आणि दार असं लावलं की घंटा खाली पडली.

फ्लॉइडने उठून घंटा उचलली. "खिळा दे एक, नेटी," तो म्हणाला. "विकत घेतो."

२३ फेब्रुवारी

मॅरियनला फोन करून सांगितलं, संत्र्यांचा मुरंबा कर, एवढ्यात येणं होत नाही. म्हटलं, इथे एक महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो ज्यांच्या हातात आहे त्यांना एक साधी चिठ्ठी धड टाकता येत नाही. मी गेले तर हे तिघं जन्मात निकाल लावायचे नाहीत. ती रागावली नाही. "बिनकामाची मंडळी," असं मी त्यांना म्हटलं, तर उलट म्हणाली, "त्यांना माझे आभार सांग." कशाबद्दल, ते विचारायच्या आत फोन ठेवला. ओझेलाच्या वळणावर चाललीय पोरगी.

आज सकाळी दुकान उघडायला गेले, तर तिघं अंधारात उभे होतेच. आत येण्याआधी उंबऱ्यावर त्यांनी एकमेकांशी हस्तांदोलन केलं, पाठी थोपटल्या, फ्लॉइडने तर लिअँडरला मिठी मारली. सामना जिंकल्यावर खेळाडू करतात तसं. मी काचेतून बघत राहिले. तिघांपैकी एकाचाही पिचर जिंकलेला नाही, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.